काचेच्या पेटीत जंगल उभं करणारा डॉक्टर : नॅथॅनियल वॉर्ड यांचा जीवन परिचय



आजचा लेख एका इंग्रज डॉक्टरांवर आहे. नाव नॅथॅनियल बॅगशॉ वॉर्ड. आपल्या पाठ्यपुस्तकात हे नाव सहसा येत नाही. पण जलचक्र, बाष्पीभवन आणि सांद्रीभवन, वनस्पतींचं श्वसन, चहाचा इतिहास, हिवताप असे कितीतरी पाठ या एका माणसाच्या आयुष्याला येऊन भिडतात.

हा विषय आत्ताच घ्यायचं आणखी एक कारण आहे. हल्ली मोबाईलवर काचेच्या पेटीतल्या जंगलाचे व्हिडिओ लेकरं फार बघतात. पेटीत माती, शेवाळ, वेली, एक छोटासा धबधबा आणि त्यात निळे-पिवळे चिमुकले बेडूक. ते दक्षिण व मध्य अमेरिकेतले डार्ट फ्रॉग. मग घरी हट्ट सुरू होतो की आपल्याकडं पण असं करूया. उदगीरच्या उन्हाळ्यात, पारा ४० च्या वर गेलेला असताना, ॲमेझॉनचं जंगल टेबलावर कसं टिकवायचं हा प्रश्न पालकांना पडतो आणि तिथून तो शिक्षकांकडं येतो. उत्तराकडं लेखाच्या शेवटी येऊ. आधी ही पेटी जगात आली कशी ते बघू, कारण ती हौसेपोटी आलेली नाही.

जन्म आणि बालपण

वॉर्ड यांचा जन्म १७९१ साली लंडनमध्ये झाला. वडील डॉक्टर होते. मुलाला लहानपणापासून झाडापानांचा आणि किड्यांचा नाद. १३ व्या वर्षी त्याला जहाजावरून जमैका बेटावर जायला मिळालं. तिथलं उष्ण, दमट रान, उंच ताडवृक्ष आणि माणसाच्या डोक्यावर जाणारे नेचे त्याने पाहिले आणि ते चित्र आयुष्यभर त्याच्या मनात राहिलं. नेचे म्हणजे फर्न, फुलं न येणारी, बीजाणूंपासून वाढणारी वनस्पती. आपल्याकडं जुन्या विहिरीच्या आतल्या भिंतीला काळ्या देठाचा हंसराज उगवतो, तो याच कुळातला.

पुढं वैद्यकीचं शिक्षण झालं. त्या काळी औषधं बहुतेक वनस्पतींपासूनच बनत, म्हणून वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना वनस्पतींची ओळख करून घ्यावी लागे. वॉर्ड यांना तो अभ्यास ओझं वाटला नाही. शिक्षण संपल्यावर त्यांनी वडिलांचा दवाखाना सांभाळायला घेतला.

दवाखाना आणि धूर

हा दवाखाना होता लंडनच्या पूर्व भागात, वेलक्लोज स्क्वेअर नावाच्या वस्तीत. जवळच गोदी. खलाशी, हमाल, कामगार यांची दाट वस्ती. सगळीकडं दगडी कोळशाच्या चुली आणि कारखान्यांची धुराडी. हवेत काजळी इतकी की धुतलेले कपडे वाळेपर्यंत काळे व्हायचे. डॉक्टर दिवसभर या गरीब माणसांत फिरत. खोकला आणि क्षय ही तिथली नेहमीची दुखणी.

घरामागच्या छोट्या अंगणात वॉर्ड यांनी दगड रचले, वरून पाण्याची धार सोडली आणि रानातून आणलेले नेचे व शेवाळ लावलं. जमैकात पाहिलेलं हिरवंगार दृश्य घरी थोडं तरी उभं राहावं एवढीच इच्छा. पण धुरापुढं काही टिकेना. एकेक रोप काळं पडून मेलं. वर्षं गेली, शेवटी त्यांनी तो नाद जवळजवळ सोडूनच दिला.

इथं वर्गात थोडं थांबायला हरकत नाही. आपण मुलांना प्रदूषणाचे परिणाम पाठ करून घेतो. पण एखाद्या माणसाचं आवडतं काम वर्षानुवर्षं प्रदूषणामुळं फसत राहणं म्हणजे काय, हे या गोष्टीतून लेकरांना पटकन कळतं.

बाटलीतलं गवत

१८२९ सालची गोष्ट. वॉर्ड यांना एका मोठ्या पतंगाचा कोश मिळाला. त्यातून पतंग बाहेर येताना बघायचा म्हणून त्यांनी रुंद तोंडाची काचेची बाटली घेतली, तळाला ओलसर माती घातली, कोश त्यात ठेवला आणि वर झाकण लावलं. रोज ते बाटलीकडं बघायचे. त्यांच्या लक्षात आलं की दिवसा ऊन चढलं की मातीतला ओलावा वाफ होऊन वर जातो, काचेवर थेंब धरतो आणि परत खाली मातीत उतरतो. माती कायम सारखीच ओली.

आणि मग एक दिवस त्या मातीतून दोन हिरवे कोंब वर आले. एक साधं गवत आणि दुसरा नेचा! अंगणात एवढी सेवा करून जो नेचा जगत नव्हता, तो कुणी न लावता, कुणी पाणी न घालता बाटलीत उगवला होता.

दुसरा कुणी असता तर पतंग पाहून बाटली धुऊन ठेवली असती. वॉर्ड यांनी कोशाचं काम बाजूला ठेवलं आणि प्रश्न बदलला. बाटलीत असं काय आहे जे अंगणात नाही? ओलावा आहे, उजेड आहे, ऊब आहे आणि काजळी नाही. त्यांनी ती बाटली अभ्यासिकेच्या खिडकीबाहेर ठेवली. ती दोन रोपं जवळजवळ चार वर्षं तशीच जगली. पुढं डॉक्टर गावाला गेले असताना झाकण गंजलं, पावसाचं पाणी आत गेलं आणि रोपं कुजली.

आता त्यामागचं शास्त्र. झाडं मुळांनी पाणी घेतात आणि पानांतून वाफेच्या रूपात सोडतात, हे बाष्पोत्सर्जन. बंद पेटीत ती वाफ बाहेर जात नाही, गार काचेवर तिचं सांद्रीभवन होतं आणि पाणी परत मातीत येतं. दिवसा उजेडात पान कार्बन डायऑक्साइड घेतं आणि ऑक्सिजन सोडतं. रात्री झाडाचा आणि मातीतल्या सूक्ष्मजीवांचा श्वास चालू राहतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड परत मिळतो. म्हणजे त्याच त्या पाण्यावर आणि हवेवर संसार चालतो. मात्र उजेड बाहेरूनच यावा लागतो, अंधाऱ्या कपाटात पेटी ठेवली तर सगळं मरतं. मुलं हमखास विचारतात की हवा नसताना झाड जगतं कसं. पेटी पूर्ण हवाबंद नव्हती, हे वॉर्ड यांनी स्वतःच स्पष्ट केलं होतं. सांध्यांमधून थोडी हवा ये-जा करायची, फक्त काजळी आत येत नव्हती आणि ओलावा बाहेर जात नव्हता.

एक प्रामाणिक नोंद इथं द्यायला हवी. स्कॉटलंडमध्ये मॅकोनोची नावाच्या गृहस्थांनी वॉर्ड यांच्याआधी काही वर्षं काचेच्या भांड्यात नेचे वाढवले होते. पण त्यांनी ते कुठं प्रसिद्ध केलं नाही. आपण जगात पहिले नव्हतो हे वॉर्ड यांना नंतर समजलं. तरी जगभर नाव झालं ते वॉर्ड यांच्या पेटीचं, कारण बाटलीतल्या गोष्टीचा उपयोग कुठं होईल हे त्यांनी ओळखलं आणि तो करून दाखवला.

समुद्रावरची परीक्षा

त्या काळी दूर देशातलं रोप जहाजातून आणणं म्हणजे जवळपास अशक्य काम. प्रवास पाच-सहा महिन्यांचा. गोडं पाणी माणसांनाच मोजून मिळायचं, तिथं झाडाला कोण घालणार? डेकवर ठेवलं तर खारे तुषार पानं जाळायचे, खाली ठेवलं तर अंधार. चीनमध्ये राहणाऱ्या लिव्हिंगस्टन नावाच्या डॉक्टरांनी १८१९ मध्ये अंदाज मांडला होता की तिथून इंग्लंडला पाठवलेल्या हजार रोपांतलं एखादंच जिवंत पोहोचतं.

वॉर्ड यांनी लॉडिजेस या प्रसिद्ध रोपवाटिकेच्या मालकांना सोबत घेतलं. मजबूत लाकडाच्या पेट्या तयार झाल्या, वरचं छत घराच्या छपरासारखं उतरतं आणि काचेचं. सांधे लांबी भरून पक्के केले. जून १८३३ मध्ये नेचे आणि गवतं लावलेल्या दोन पेट्या पर्शियन नावाच्या जहाजावर चढल्या. कप्तान चार्ल्स मॅलार्ड यांना एकच सूचना महत्त्वाची होती, की पेट्या डेकवर उजेडात राहू द्या.

जहाज ऑस्ट्रेलियाला पोहोचलं तेव्हा आतली रोपं ताजी टवटवीत होती. कप्तानाने तसं पत्रानं कळवलं. पण खरी कसोटी पुढं होती. फेब्रुवारी १८३४ मध्ये सिडनीत त्याच पेट्यांत ऑस्ट्रेलियातली नाजूक रोपं भरली आणि जहाज परत निघालं. हॉर्न भूशिरापाशी डेकवर बर्फ साचला, पारा २० अंश फॅरनहाइटवर, म्हणजे सेल्सिअसमध्ये उणे ७ च्या आसपास. विषुववृत्तावर तोच पारा १२० अंश फॅरनहाइट, म्हणजे जवळपास ४९ सेल्सिअस. आठ महिने. वाटेत एकदाही पाणी घातलं नाही की आडोसा केला नाही. लंडनला पेट्या उघडल्या तेव्हा रोपं धडधाकट होती.

फॅरनहाइटचं सेल्सिअस करायचं गणित मुलांना इथंच द्यावं. ३२ वजा करा, ५ ने गुणा, ९ ने भागा. आकड्यामागं जहाज आणि बर्फ दिसला की गणित कंटाळवाणं राहत नाही.

पुढं लॉडिजेस यांनी शेकडो पेट्या वापरल्या. पूर्वी प्रवासात २० पैकी १९ रोपं मरत, आता २० पैकी १९ जगतात असा त्यांचा अनुभव होता. १८३८ मध्ये वॉर्ड यांच्या पेटीवर रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये व्याख्यान झालं, आणि ते दिलं कुणी? मायकेल फॅरेडे यांनी. विद्युतचुंबकीय प्रवर्तनाच्या पाठातले तेच फॅरेडे. १८४२ मध्ये वॉर्ड यांचं बंद काचपेटीत वनस्पती वाढवण्याविषयीचं पुस्तक आलं, १८५२ मध्ये दुसरी आवृत्ती निघाली आणि त्याच वर्षी ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. लंडनची सूक्ष्मदर्शक संस्था १८३९ मध्ये स्थापन झाली तीही वॉर्ड यांच्याच घरी भरलेल्या बैठकीत.

पेटी आणि आपला देश

वॉर्ड भारतात कधी आले नाहीत, पण त्यांच्या पेट्या आल्या. रॉबर्ट फॉर्च्यून नावाच्या वनस्पतीशोधकाला ईस्ट इंडिया कंपनीने १८४८ मध्ये चीनला पाठवलं. चिनी वेषात फिरून त्याने चहाची रोपं आणि बिया मिळवल्या. कोरड्या बिया वाटेत निकामी होत, म्हणून त्याने वॉर्ड यांच्या पेटीतल्या रोपांच्या बुडाशी मातीत चहाच्या बिया पेरल्या. प्रवासातच त्या उगवल्या! अशी हजारो रोपं हिमालयाच्या पायथ्याशी पोहोचली. आसामात चहाचं रानटी झाड आधीपासून होतंच आणि पुढं तिथल्या मळ्यांत तेच जास्त चाललं, पण दार्जिलिंगच्या चहात आजही चिनी वाणाचा अंश आहे.

दुसरी गोष्ट हिवतापाची. क्विनीन ज्या सालीपासून मिळतं तो सिंकोना वृक्ष दक्षिण अमेरिकेतला. १८६० मध्ये क्लेमंट्स मार्कहॅम यांनी तिथून रोपं पेट्यांत घालून निलगिरीकडं आणली. तांबड्या समुद्रातल्या उकाड्यानं ती रोपं वाचली नाहीत. निलगिरीतले मळे मुख्यतः बियांपासून उभे राहिले. म्हणजे पेटी जादूची नव्हती. उन्हात तापलेली काच आतल्या झाडांना शिजवतेसुद्धा. आपल्या भागाचा संबंधही इथं मुलांना दाखवता येतो. उदगीर तेव्हा निजामाच्या हैदराबाद राज्यात होतं, आणि त्याच राज्यात, सिकंदराबादला, १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी सापडला.

तिसरी गोष्ट रबराची, ती वॉर्ड यांच्या मृत्यूनंतरची. १८७६ मध्ये ब्राझीलमधून सुमारे ७० हजार बिया लंडनच्या क्यू उद्यानात आल्या. त्यातल्या थोड्याच उगवल्या आणि १९०० च्या आसपास रोपं ३८ पेट्यांतून श्रीलंकेला रवाना झाली. आशियातल्या रबराचा पाया तिथं पडला आणि काही दशकांत ब्राझीलचा रबर व्यापार कोसळला.

हे सगळं विज्ञानाचा विजय म्हणून सांगून पुढं जाणं मला बरोबर वाटत नाही. चहा चीनचा, सिंकोना पेरू-बोलिव्हियाचा, रबर ब्राझीलचं. ज्यांच्या रानातून हे गेलं त्यांना फारसं काही मिळालं नाही, आणि मळ्यांवर राबणाऱ्या मजुरांचे हाल तर वेगळेच. शिवाय पेटीत रोपासोबत माती जायची, आणि मातीसोबत किडे, अंडी, बुरशी. आग्नेय आशियातला एक चपटा कृमी १८७८ मध्ये क्यूच्या काचगृहात सापडला, त्याच्या शास्त्रीय नावात आजही क्यू आहे. तो मूळचा तिथला नव्हताच, कुंड्यांतल्या मातीतून आलेला. नववी-दहावीच्या मुलांसमोर ही बाजू जरूर ठेवा, ती चांगली वाद घालतात.

वॉर्ड यांना काय हवं होतं?

स्वतः वॉर्ड यांनी या पेटीतून संपत्ती कमावली नाही. त्यांनी पेटंट घेतलं नाही, जो विचारायला येईल त्याला कृती सांगितली. पुस्तकात त्यांनी एक आख्खं प्रकरण गरीब वस्तीतल्या लोकांसाठी खर्च केलं. धुरात राहणाऱ्या कामगाराच्या खिडकीत एक हिरवी पेटी असावी, आजाऱ्यांसाठी काजळी नसलेल्या हवेची मोठी काचघरं उभारावीत, अशी त्यांची कल्पना होती. झाडाला जी हवा मानवते ती माणसालाही मानवेल, हा डॉक्टरचा विचार.

तसं झालं नाही. काचेवर तेव्हा मोठा कर होता. १८४५ मध्ये तो उठला आणि काच स्वस्त झाली, पण पेट्या गेल्या श्रीमंतांच्या दिवाणखान्यात. घरोघर नेचे ठेवायची इतकी लाट आली की डोंगरदऱ्यांतले दुर्मिळ नेचे लोकांनी खणून संपवत आणले. ज्या माणसाला नेचे मरताना बघवत नव्हते, त्याच्याच शोधामुळं रानातले नेचे उघडे पडले.

उतारवयात वॉर्ड लंडनच्याच क्लॅपम भागात, जरा मोकळ्या हवेत राहायला गेले. औषधविक्रेत्यांच्या जुन्या संस्थेचे ते १८५४ मध्ये प्रमुख झाले. ४ जून १८६८ रोजी त्यांचं निधन झालं. लंडनच्या नॉरवूड दफनभूमीत त्यांना पुरलं, तिथं नावाचा दगडही नव्हता. दक्षिण आफ्रिकेतल्या ओढ्यांत वाढणाऱ्या एका शेवाळवर्गीय वनस्पतीला मात्र वॉर्डिया हे नाव मिळालेलं आहे.

आता त्या बेडकांविषयी

डार्ट फ्रॉगची पेटी म्हणजे वॉर्ड यांचीच पेटी, फक्त थोडी वाढवलेली. तळाला खडे, म्हणजे जादा पाणी मुळांपासून दूर राहतं. त्यावर जाळी. मग नारळाचा भुसा, कोळशाचे तुकडे, सालींचा चुरा असलेलं भुसभुशीत मिश्रण. वर वाळलेल्या पानांचा थर आणि त्यात राहणारे अगदी बारीक कीटक, जे बुरशी आणि विष्ठा खाऊन पेटी साफ ठेवतात. अननसाच्या कुळातल्या झाडांच्या पानांच्या बेचक्यात पाणी साठतं. रानात काही जातींचे बेडूक आपली पिल्लं पाठीवर बसवून अशाच पाण्यात नेऊन सोडतात. या बेडकांचं विष त्यांच्या खाण्यातून, मुंग्या आणि कोळीवर्गातल्या बारीक जीवांतून येतं. म्हणून पेटीत जन्मलेल्या बेडकाला ते विष नसतं.

पण त्यांना साधारण २२ ते २७ अंश तापमान लागतं. ३० च्या वर ते धोक्यात येतात. उदगीरला मार्च ते जून हे तापमान राखायचं म्हणजे रात्रंदिवस एसी, आणि लाईट गेली की संपलं. शिवाय या बेडकांच्या व्यापारावर १९८७ पासून आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. परदेशी बेडकांसोबत त्वचेचा बुरशीजन्य रोग पसरतो आणि त्याने जगभरात बेडकांच्या कितीतरी जाती संपवल्या आहेत. माझं मत स्पष्ट आहे, हा हट्ट पुरवू नये. आपल्या शेततळ्यातले बेडूक पकडून बरणीत घालणं तर अजिबात नको. धोंडी काढताना बेडकाला पाऊस आणणारा मानणारी आपली माणसं, त्याला बरणीत कशाला कोंडायचं?

त्यापेक्षा नुसती वॉर्ड यांची बाटली करा. लोणच्याची रुंद तोंडाची काचेची बरणी घ्या. तळाला दोन बोटं बारीक खडे, त्यावर लाकडी कोळशाचा थोडा चुरा, मग चार बोटं चाळलेली माती. नर्सरीतून एक लहान हंसराज किंवा मनी प्लांटचं छोटं कटिंग आणा, सोबत कुंडीवर वाढलेलं शेवाळ. पाणी फक्त माती ओली होईल इतकंच, चिखल नको. झाकण लावा आणि बरणी उत्तरेच्या खिडकीत ठेवा, थेट उन्हात ठेवली तर तासाभरात आतली पानं शिजतात. काच दिवसभर पूर्ण धुक्यासारखी राहत असेल तर पाणी जास्त झालंय, तासभर झाकण उघडून परत लावा. सकाळी थेंब दिसून दुपारी काच स्वच्छ झाली तर बरोबर जमलं.

मुलांना रोज एकाच वेळी बरणी बघायला सांगा आणि वहीत तीनच गोष्टी लिहायला सांगा: काचेवर थेंब कुठं आहेत, नवं पान आलं का, आणि लावलं नव्हतं असं काही उगवलंय का. तिसरा रकाना बरेच दिवस कोराच राहील. तो काढू नका.